कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचं म्हणणं

मार्च 2022 मध्ये ऑस्कर सोहळा तोंडावर आला असताना ‘खबर लहरिया’ने एक निवेदन काढलं. बुंदेलखंडातल्या दलित आणि इतर वंचित समाजांतल्या बायकांनी चालवलेलं हे वृत्तपत्र 2002 साली चित्रकूटमध्ये सुरू झालं. त्यांच्या कामावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता. चित्रपट प्रभावी आहे हे त्या पत्रकारांनी मान्य केलं. पण एकाच राजकीय पक्षाच्या वार्तांकनावर भर दिल्यामुळे आमचं काम त्यात अपुरं दिसतं, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ज्यांच्यावर चित्रपट निघाला त्यांनीच जगासमोर ‘हे आमचं पुरतं चित्र नव्हे’ म्हणावं, ही मला भारतीय माहितीपटाच्या वाटचालीतली फार मोठी गोष्ट वाटते. कारण सुरुवातीची कित्येक वर्षं पडद्यावरच्या माणसाला स्वतःचा आवाजच नव्हता.

आरंभी तर तंत्रामुळेच नव्हता. 1899 साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. डिसेंबर 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचं चित्रणही सावेदादांचंच. हे सगळं अर्थात मूक. पुढे ध्वनी आला, पण तो निवेदकाच्या वाट्याला गेला. 1948 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांवर अट आली, की मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य बातमीपट किंवा अनुबोधपट दाखवायचाच, आणि त्याचं भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. पडद्यावर धरण बांधलं जाई, लस टोचली जाई, शेतकरी नांगर धरी. आणि त्या शेतकऱ्याला काय वाटतं ते वरून निवेदक सांगत असे. सगळंच तसं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. 1967 साली याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’ केला, स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना थेट बोलतं केलं, आणि त्यातल्या काहींनी देशाबद्दल अगदी परखड उत्तरं दिली. ते आजही ताजं वाटतं.

संस्थेबाहेरच्यांची वाट मात्र अरुंद होती. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांतल्या श्रीमंती आणि गरिबीवर एक छोटा चित्रपट केला. त्यातल्या मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉरने अडवलं. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. 1970 च्या निकालाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरूनच आहे असं ठरवलं, आणि माहितीपटही त्याच चौकटीत राहिला. कथापट आणि माहितीपट यांना एकाच तराजूत घालणारा हा निर्णय पुढच्या अनेक भांडणांच्या मुळाशी आहे.

स्वतंत्र माहितीपट म्हणून आपण आज जे ओळखतो त्याची एक ठळक सुरुवात 1974 च्या बिहारमधली. जयप्रकाशांच्या आंदोलनात आनंद पटवर्धन उसनवारीचे कॅमेरे घेऊन उतरले. चित्रपट हातात येईपर्यंत आणीबाणी लागली होती. तो लपूनछपून दाखवला गेला, आणि त्याच्या प्रतीचे तुकडे करून ते वेगवेगळे देशाबाहेर पाठवले गेले.

यानंतर पटवर्धन मुंबईच्या फुटपाथवर आले. 1981 च्या पावसाळ्यात महापालिकेने झोपड्या पाडण्याची मोहीम काढली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै 1985 मध्ये निकाल लागला, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, तरी रीतसर नोटीस देऊन पालिका फुटपाथ मोकळे करू शकते. त्याच वर्षी पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ पूर्ण झाला. त्यात एक बाई कॅमेऱ्याकडे पाहून संतापाने विचारते, की गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचं काय? दिग्दर्शकाने तो संताप कापून टाकला नाही. हातात कात्री असताना हे ठेवणं सोपं नसतं. त्या बाईचं घर वाचलं नाही, पण तिचा प्रश्न वाचला. 2022 च्या त्या निवेदनाचं नातं मला थेट तिच्याशी जोडावंसं वाटतं.

याच चित्रपटात एक शाहीर गातो: विलास घोगरे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मेले. चार दिवसांनी घोगरेंनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत वाढलेल्या या शाहिराने मरताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ती का बांधली, या एका प्रश्नापासून पटवर्धनांनी चित्रीकरण सुरू केलं आणि ते चौदा वर्षं चाललं. ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 मध्ये तयार झाला. तीन तासांहून मोठा चित्रपट, आणि त्यातला कितीतरी वेळ गाण्यांचा आहे, कारण ज्यांच्याबद्दल तो आहे ते लोक आपलं म्हणणं गाण्यातूनच मांडत आले. पोवाडा, ओवी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. भायखळ्याच्या बीआयटी चाळीत उघड्यावर पडदा लावून तो दाखवला गेला.

दरम्यान साधनं बदलली होती. 16 एमएमचं रीळ महाग. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवून माणसाला बोलू द्यावं लागे. नव्वदीच्या उत्तरार्धात हाती मावणारे डिजिटल कॅमेरे आले आणि माणूस गप्प बसला तरी कॅमेरा चालूच राहू शकला. ‘साचा’मध्ये (2001) अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्याबरोबर गिरणगाव पाहिला, तेव्हा 1982 च्या संपानंतर तिथले भोंगे बंद पडत चालले होते. ‘लक्ष्मी अँड मी’मध्ये (2007) निष्ठा जैन यांनी आपल्याच घरी काम करणाऱ्या मुलीवर चित्रपट केला, आणि मालकीण म्हणून स्वतःलाही चौकटीत घेतलं. 2004 मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाच्या वेळी सेन्सॉर प्रमाणपत्राचा वाद पेटला, तेव्हा दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने आपला स्वतंत्र महोत्सव भरवला. तपासणीचा प्रश्न तिथे संपला नाही. 2019 मध्ये आनंद पटवर्धनांचा ‘विवेक’ केरळच्या महोत्सवात दाखवण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं.

आज अडचण मुख्यतः जागेची आणि पैशांची आहे. मोठ्या कालावधीच्या माहितीपटांना पैसा बहुतेकदा परदेशी निधीतून मिळतो, म्हणून ते आधी सनडान्स, कान, ॲमस्टरडॅमच्या महोत्सवांत दिसतात. जत्रेतल्या तंबू टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ 2016 मध्ये आधी कानला पोचला, आणि तो आहे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पडद्यांविषयी. थिएटरमध्ये एकेकाळी सक्तीने दिसणारा माहितीपट आता तिथे क्वचितच लागतो. मार्च 2022 च्या अखेरीस फिल्म्स डिव्हिजनचं कामही एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे, गेलं.

सनडान्समध्ये 2023 साली विशेष ज्यूरी पुरस्कार मिळालेला सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ मुंबईच्या दोन कोळी मित्रांचा आहे. एक वडिलांच्या छोट्या होडीतून किनाऱ्याजवळ मासे धरतो, दुसरा परदेशात शिकून आलेला, कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा. मासळी कमी होत चालली आहे. एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, आणि ती वापरावी की नाही यावरून दोघांचं बिनसतं. बाहेरचा कुणी निवेदक मध्ये पडत नाही. ते दोघे आपल्याच बोलीत भांडतात, आणि परदेशातला प्रेक्षक ते उपशीर्षकांतून वाचतो.