मरळीसाठी कृत्रिम आमिष कसे निवडावे : गरीने मासेमारी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात जाळी, सूत आणि गऱ्या यांच्याबरोबर आता रॉड, रीळ आणि कृत्रिम आमिषे, म्हणजे सगळे ज्यांना ल्युअर म्हणतात ती, विक्रीस ठेवलेली असतात. बहुतेक ग्राहक ल्युअर रंग पाहून निवडतात किंवा मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या व्हिडिओतील ल्युअर दाखवून तसाच मागतात. असा ल्युअर पुष्कळदा चांगल्या प्रतीचा असतो, पण आपल्या तलावातील कमळाच्या देठांत तो पहिल्याच फेकीत अडकतो व तुटतो, आणि ग्राहकाचा असा समज होतो की आपल्याकडचा मासा कृत्रिम आमिषाला लागतच नाही. हा समज खरा नाही. ल्युअर निवडताना आधी पाणी पाहावे, मग माशाची सवय पाहावी आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा, असा आमचा आग्रह आहे. त्यामागची कारणे पुढे दिली आहेत.

पाकिटावरचा मासा आणि आपल्या तलावातला मासा

बाजारातील बहुतेक ल्युअरच्या पाकिटावर हिरवट रंगाच्या, मोठ्या जबड्याच्या ज्या माशाचे चित्र असते, तो लार्जमाउथ बास होय. उत्तर अमेरिकेतील तळी आणि संथ नद्या हे त्याचे मूळ स्थान असून तेथील हौशी मासेमारांचा तो फार लाडका मासा आहे. जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या, म्हणजे १० किलोंहून थोड्या अधिक वजनाच्या बासचा विक्रम आजही सांगितला जातो, आणि जपानमधील बिवा सरोवरात २००९ साली मनाबू कुरिता यांनी पकडलेल्या बासने त्याची बरोबरी केली. आज आपल्या हाती येणाऱ्या ल्युअरचे कितीतरी प्रकार याच माशासाठी घडत गेले. मिशिगनमधील जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरले, आणि ओहायोतील निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले.

विदर्भातील आपल्या तलावांत बास नाही, आणि तो येथे आणूही नये. जपानमध्ये १९२५ साली तो बाहेरून आणून सोडण्यात आला आणि पुढे तेथील स्थानिक माशांचे त्याने मोठे नुकसान केले. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांच्या यादीत त्याची गणना होते. शेततळ्यात सोडण्यासाठी बासची बोटुकली मिळेल का, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर ठामपणे नाही असेच राहील.

आपल्याकडे त्याच्या जागी मरळ आहे. दोन्ही मासे दबा धरून शिकार करतात. झाडीच्या कडेला, बुडालेल्या लाकडाच्या आडोशाला किंवा पानांच्या सावलीत निश्चल उभे राहून जवळून जाणाऱ्या बेडकावर आणि लहान माशावर झडप घालतात, म्हणूनच बाससाठी बनवलेले अनेक ल्युअर मरळीलाही चालतात. मात्र दोघांत दोन फरक आहेत आणि निवडीचा सारा प्रश्न त्या दोन फरकांपाशी येऊन थांबतो. पहिला फरक असा, की मरळ हवेतील प्राणवायू घेते आणि त्यासाठी तिला अधूनमधून पृष्ठभागावर यावेच लागते. त्यामुळे जलकुंभीखालच्या किंवा आटत चाललेल्या डबक्यातील ज्या पाण्यात इतर मासे गुदमरतात, तेथेही ती राहते, आणि पाण्याच्या वर चालणाऱ्या आमिषाकडे तिचे लक्ष सहज जाते. दुसरा फरक दातांचा. बासचे दात खरखरीत ब्रशासारखे बारीक असतात, तर मरळीचे दात अणकुचीदार असून जबडा कठीण असतो. ती मऊ प्लास्टिकचे गांडूळ शेपटीकडून कुरतडून नेते, आणि गरी बोथट असली तर तोंडात रुतत नाही.

आधी पाणी पाहावे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच आपले मामा तलाव, हे मरळीचे खरे घर आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी मुख्यतः धानाच्या सिंचनासाठी बांधलेले हे तलाव उथळ असून त्यांत कमळ, शिंगाडा, शेवाळ आणि काठाला बेशरमाची झुडपे दाट असतात. अशा पाण्यात उघडी गरी असलेला कोणताही ल्युअर निरुपयोगी ठरतो, मग तो कितीही महाग असो. येथे पोकळ रबरी बेडूक वापरावा. याच्या पोटाखालून निघणाऱ्या दोन गऱ्यांची टोके वर वळून पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो पानांवरून घसरत येतो, आणि मासा चावला की रबर दबून गऱ्या उघड्या पडतात. त्याची सारी करामत या दबण्यात आहे. म्हणून विकत घेताना बेडूक अंगठा आणि तर्जनीत धरून दाबून पाहावा. हलक्या दाबाने दोन्ही टोके बाहेर आली तर तो घ्यावा, आणि जोर लावावा लागला तर दिसायला कितीही सुबक असला तरी परत ठेवावा, कारण त्याच्यावर मरळ झडप घालील पण लागणार नाही. आमच्या दुकानात ही परीक्षा करण्यास कोणालाही मनाई नाही.

आकार पाच ते सहा सेंटिमीटर आणि वजन आठ ते पंधरा ग्रॅम असावे. फार हलका बेडूक वाऱ्यावर लांब जात नाही, आणि फार जड बेडूक पाण्यावर आदळून उथळ पाण्यातील मासा उठवून लावतो. टाकताना तो पानांतील मोकळ्या जागेच्या बराच पलीकडे टाकावा, लहान लहान झटक्यांनी जवळ आणावा आणि मोकळ्या जागेत आल्यावर क्षणभर स्थिर ठेवावा. पुष्कळ वेळा झडप याच थांबण्यावर येते. पाणी उडालेले दिसताच रॉड ओढण्याची घाई करू नये. रॉडचे टोक खाली करून माशाचे वजन दोरीवर जाणवेपर्यंत थांबावे आणि मगच जोराने ओढावे. नवख्यांच्या बहुतेक मरळी या एका घाईमुळे सुटतात, आणि दोष मात्र ल्युअरच्या माथी येतो.

बेडकाच्या रबरी आमिषाची शिफारस आम्ही आणखी एका कारणासाठी मनापासून करतो. मरळीसाठी जिवंत बेडूक गरीला टोचण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण धानाच्या बांधीतील किडे खाऊन बेडूक शेतकऱ्याचे जे काम करतो, ते मोलाचे आहे. परदेशी जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. आपल्या हौसेसाठी बेडूक मारणे थांबवता येते आणि रबरी बेडूक अनेक वेळा वापरता येतो.

पश्चिमेकडे, वर्धा, अमरावती आणि यवतमाळच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात, परिस्थिती वेगळी आहे. पावसाळ्यानंतर कित्येक आठवडे तेथील नाले आणि लहान धरणे गढूळ राहतात, आणि गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातील कंप ओळखणाऱ्या इंद्रियाने, शिकार शोधतो. अशा ठिकाणी फिरत्या पात्याचा स्पिनरबेट उपयोगी पडतो, कारण त्याचे पाते सतत कंप निर्माण करते, आणि तारेच्या आडोशामुळे त्याची गरी काडीकचऱ्यात सहसा अडकत नाही. अप्पर वर्धासारख्या मोठ्या जलाशयाच्या मोकळ्या पाण्यात, दगडी पिचिंगच्या कडेने, कडक प्लास्टिकचा क्रँकबेट चालतो. त्याच्या तोंडाशी असलेली जीभ जितकी लांब, तितका तो ओढताना खोल जातो. अशा खोल पाण्यात मरळीपेक्षा शिवड्यासारखा मासा लागण्याचा संभव अधिक. क्रँकबेटला बहुधा दोन तिकाटी, म्हणजे तीन टोकांच्या, गऱ्या असतात. झाडीच्या तलावासाठी तो कृपया घेऊ नये.

मऊ प्लास्टिकची गांडुळे आणि मासोळ्या यांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर मरळीचा उत्साह कमी असताना, विशेषतः थंडीत, त्या चांगल्या लागतात. गरीचे टोक प्लास्टिकच्या अंगात लपवून त्या शिंगाड्याच्या वेलींतूनही हळूहळू ओढता येतात. दातांमुळे त्या लवकर फाटतात, हा खर्च गृहीत धरावा.

रंगाविषयी

पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि गढूळ पाण्यात सगळेच रंग थोड्या अंतरावर मातकट होतात. वर चालणाऱ्या बेडकाकडे मरळ खालून पाहते, म्हणजे तिला दिसते ते त्याचे पोट आणि आकाशाच्या उजेडात उमटलेली त्याची आकृती. पाठीवरचे सुंदर ठिपके मासेमारासाठी असतात. म्हणून पहाटे, सांजवेळी आणि ढगाळ दिवशी काळा किंवा गडद बेडूक घ्यावा, कारण त्याची आकृती ठळक दिसते. स्वच्छ पाण्यात आणि भर उन्हात पांढऱ्या किंवा पिवळसर पोटाचा घ्यावा. गढूळ पाण्यातील स्पिनरबेटसाठी पोपटी पिवळा किंवा काळा, या दोनच रंगांची शिफारस आम्ही करतो. ज्या ग्राहकांना मोजकाच खर्च करायचा आहे त्यांनी एक काळा बेडूक, एक पांढऱ्या पोटाचा बेडूक आणि एक स्पिनरबेट घ्यावा. सुरुवातीला याहून अधिक काही घेण्याची गरज नाही, आणि हे आम्ही विक्रेते असूनही सांगत आहोत.

ऋतू आणि एक विनंती

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा दुपारी मरळ खोल पाण्यात किंवा दाट सावलीत राहते, त्यामुळे उजाडल्यापासूनचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचा वेळ चांगला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत याच्या उलट करावे : पाणी थोडे तापल्यावर, दुपारच्या सुमारास, ल्युअर अगदी सावकाश ओढावा.

पावसाळा हा मरळीच्या विणीचा काळ आहे. या दिवसांत पाण्यावर तांबूस पिलांचा दाट थवा एकत्र वरखाली होताना दिसतो आणि त्याच्या खालीच आई-बाप राखण करीत असतात. त्या थव्यावरून बेडूक ओढला तर पिलांच्या रक्षणासाठी मरळ हमखास चावते, हे अनेकांना ठाऊक आहे आणि म्हणूनच आम्ही हे लिहीत आहोत. राखणारी मरळ काढली की उरलेली पिले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात, आणि पुढच्या हंगामात तलावातील मरळ घटते. असा थवा दिसला की तेथे ल्युअर टाकू नये, ही आमची प्रत्येक ग्राहकाला कळकळीची विनंती आहे.

गावोगावचे तलाव बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि ढीवर, भोई कुटुंबांची उपजीविका त्यांवर चालते. गरी टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी. तुटलेला ल्युअर शक्य असेल तर झाडीतून सोडवून आणावा, कारण जाळे ओढणारा माणूस त्याच पाण्यात अनवाणी उतरतो. व्याघ्र प्रकल्पाच्या अभयारण्य क्षेत्रात मासेमारी करता येत नाही. बफरमधील गावांत, आणि ज्या गावांच्या शिवाराला जंगल लागून आहे तेथेही, पहाटे किंवा सांजवेळी तलावाच्या काठी एकट्याने बसू नये.

रॉड, दोरी आणि निगा

ल्युअर एकट्याने काम करीत नाही. रॉडच्या बुंध्याजवळ तो किती ग्रॅमचा ल्युअर फेकू शकतो ते छापलेले असते. तो आकडा आणि ल्युअरचे वजन जुळले पाहिजे. झाडीतील मरळीसाठी साडेसहा ते सात फुटांचा, थोडा कडक रॉड आणि ३० ते ५० पौंडांची विणलेली दोरी घ्यावी. साधा नायलॉनचा तंगूस ताणला जातो, त्यामुळे लांबवर लागलेल्या माशाच्या कठीण जबड्यात गरी रुतवण्याइतका झटका पोहोचत नाही. शिवाय विणलेली दोरी पाण्यावर तरंगते आणि बेडकाला खाली ओढत नाही. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. शेतीपंपाच्या तारा तलावाच्या पाळीवरून जात असतील तर तेथे रॉड उभा धरू नये, आणि विजा चमकू लागताच तो आडवा ठेवून काठापासून दूर व्हावे.

घरी आल्यावर पोकळ बेडूक दाबून त्यातील पाणी काढावे आणि गऱ्या कोरड्या करूनच डब्यात ठेवाव्यात. मऊ प्लास्टिकची आमिषे ज्या पाकिटात आली त्याच पाकिटात ठेवावीत, कारण कडक प्लास्टिकच्या डब्यात ती कधी कधी वितळून एकमेकांना आणि डब्याला चिकटतात, आणि मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत राहिली तर त्यांचा आकारच बिघडतो. गरीचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहावे. ते नखावर थांबले तर धार शाबूत आहे, घसरले तर बारीक कानशीने धार द्यावी किंवा गरी बदलावी. क्रँकबेटवरील तिकाटी गरी काढून तेथे एकेरी गरी बसवण्याचे कामही आम्ही करतो. लहान मरळ इजा न होता परत सोडता यावी म्हणून गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून घ्यावा, आणि ल्युअर निवडण्यासाठी दुकानात येताना शक्यतो आपला रॉड सोबत आणावा.