चढी पट्टी आणि मीनटोन: जुन्या कॉन्सर्टिनाविषयीची एक गल्लत

जुनी इंग्लिश कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायचे, भाता आणि बटणे असलेले वाद्य) आजच्या वाद्यांशी जुळली नाही, की तिच्यावर ‘जुनी जुळणी’ असा शिक्का मारला जातो आणि पट्टी व स्वरांतरे या दोन स्वतंत्र गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात.

पट्टी म्हणजे सगळ्या सुरांची एकूण उंची, हे हार्मोनियम जाणणाऱ्या वाचकाला सांगायला नको. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये ए हा स्वर ४५२ हर्ट्झच्या आसपास लावण्याची रीत होती. तो आजच्या ४४० पेक्षा, हार्मोनियमच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढा आहे. सगळेच स्वर सारखे चढलेले असल्याने वादकाला एकट्याने वाजवताना कुठेही अडत नाही, फक्त पियानोबरोबर बसता येत नाही.

मीनटोन या स्वरांतरे लावण्याच्या जुन्या पद्धतीचे तसे नाही. चार्ल्स व्हीटस्टन यांच्या इंग्लिश रचनेत सप्तकाला बारा नव्हे, चौदा बटणे असतात, कारण जी शार्प आणि ए फ्लॅट, तसेच डी शार्प आणि ई फ्लॅट, यांना वेगवेगळे रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पात्या) दिलेले आहेत. ही बटणे केवळ बोटांच्या सोयीसाठी जादा ठेवली आहेत, असे वारंवार सांगितले जाते आणि ते साफ चुकीचे आहे. मीनटोनमध्ये प्रत्येक पंचम सुमारे ५ सेंटने (सेंट म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरवून सी-ई हे अंतर ५:४ या शुद्ध प्रमाणात आणले जाते. तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार हाच. हार्मोनियमचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. या शुद्ध गंधारांची किंमत अशी, की ए फ्लॅट हा जी शार्पपेक्षा सुमारे ४१ सेंट चढा पडतो आणि एकाच रीडवर दोघांचे काम भागत नाही.

चौदा स्वरांमुळे ई फ्लॅटपासून ई पर्यंतचे आठ मेजर स्केल स्वच्छ वाजतात; बाराच स्वर असते, तर सहाच वाजले असते. ए फ्लॅट मेजरला मात्र डी फ्लॅट हवा आणि बटण सी शार्पचे आहे, म्हणून तिथला मध्यम असह्य उतरतो. बी मेजरमध्ये ए शार्पच्या जागी बी फ्लॅट घ्यावा लागतो आणि निषाद तितकाच चढतो. वाद्य ४४० वर आणले तरी हे दोष जात नाहीत, कारण त्यांचा पट्टीशी काही संबंधच नाही.

परीक्षा सोपी आहे. जी शार्प आणि ए फ्लॅट ही बटणे एकाच सप्तकात एकदम दाबावीत. सूर स्पष्टपणे भांडले तर वाद्य बहुधा मीनटोनमध्ये आहे, एकजीव झाले तर कुणीतरी ते बारा समान भागांत लावलेले आहे. पट्टी ट्यूनरवर वेगळी तपासावी.

ही तपासणी न करताच कानस चालवणारे कारागीर मला मुळीच मान्य नाहीत. रीडच्या टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, आणि गेलेला धातू परत येत नाही. साथीसाठी ४४० हवेच असेल, तर सगळे रीड सारख्याच सेंटने उतरवावेत आणि आतली मीनटोन अंतरे जशीच्या तशी राखावीत.