बिकमिंग अ मॅन : शिकागोतील शालेय गटसमुपदेशन

अमेरिकेतील शिकागो शहरात सातवी ते बारावीच्या मुलग्यांसाठी शाळेतच चालणारा गटसमुपदेशन व मार्गदर्शनाचा उपक्रम. बोलण्यात सगळे त्याला ‘बॅम’ म्हणतात. १९२४ साली स्थापन झालेली यूथ गायडन्स ही शिकागोतील ना-नफा संस्था तो चालवते. त्यात येणारी मुले बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांतली, शहराच्या दक्षिण व पश्चिम भागांतल्या गरीब वस्त्यांत राहणारी असतात.

उपक्रमाची सुरुवात २००१ साली रॉबेर्तो क्लेमेन्ते यांच्या नावाच्या सरकारी हायस्कूलमध्ये झाली. संस्थापक अँथनी रामिरेझ-डिव्हिटोरिओ हे मानसशास्त्र शिकलेले समुपदेशक. मुलांसाठी ते ‘टोनी डी’. ते शिकागोतच, वडिलांच्या आधाराशिवाय वाढले होते. पुरुषांच्या चर्चागटांचा अनुभव आणि विचारांच्या सवयी बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही उपचारपद्धती, या दोन्हींची सांगड त्यांनी घातली.

आठवड्यातून एकदा, शाळेच्या वेळेतच, तासभर गट बसतो. त्यासाठी एखादा तास बुडवायची परवानगी मिळते आणि काही मुलांना सुरुवातीला ओढून आणते ती हीच सवलत. गटात साधारण आठ ते बारा मुले असतात. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात. आरंभी प्रत्येक जण शरीर, बुद्धी, भावना आणि आत्मा या चार अंगांनी आज आपण कसे आहोत ते सांगतो. समुपदेशकालाही यातून सुटका नाही. सचोटी, उत्तरदायित्व, स्वनिर्धार, रागाची विधायक अभिव्यक्ती, स्त्रियांविषयी आदर आणि दूरदृष्टीने ध्येय ठरवणे, ही सहा मूल्ये अभ्यासक्रमात धरली आहेत. ती वाचली की मूल्यशिक्षणाच्या तासाची आठवण होते. प्रत्यक्ष गटात मात्र प्रवचन जवळपास नसतेच.

‘मूठ’ हा खेळ पाहिला की हे कळते. मुलांच्या जोड्या पाडतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो काढून घे. लगेच झटापट सुरू होते. बोटे पिरगाळली जातात, कोणी जमिनीवर लोळतो. मग अदलाबदल, आणि पुन्हा तेच. वेळ संपल्यावर समुपदेशक विचारतो : चेंडू नुसता मागितला का नाही कोणी? उत्तर बहुधा ठरलेले असते : तो थोडाच देणार होता, मलाच नेभळट समजला असता! मग तोच प्रश्न जोडीदाराकडे वळतो : मागितला असता तर काय केले असतेस? तो खांदे उडवतो : दिला असता की, साधा चेंडू तर आहे.

उपक्रमामागचा विचार या खेळात आला आहे. ज्या वस्तीत रस्त्यात अडवून कोणी खिशातले पैसे मागतो, तिथे मुकाट्याने देणारा मुलगा पुन्हा पुन्हा लुबाडला जातो. तिथे अरेला कारे करणे हा शहाणपणाच असतो आणि तो हळूहळू अंगवळणी पडतो. पंचाईत होते ती वर्गात. शिक्षक ‘खाली बस’ म्हणाले की तीच प्रतिक्रिया विचार न करताच उमटते आणि प्रकरण निलंबनापर्यंत जाते. म्हणून बॅम मुलांना ‘कधीच भांडू नका’ असे सांगत नाही. तसे सांगणाऱ्यावर त्या वस्तीतल्या मुलाने विश्वास तरी का ठेवावा? क्षणभर थांब, समोर नेमके काय चालले आहे ते बघ, मग ठरव, एवढाच आग्रह असतो.

गुन्हेगारीवर संशोधन करणाऱ्या, शिकागो विद्यापीठाच्या क्राइम लॅबने या उपक्रमाची कसून परीक्षा घेतली. २००९-१० मध्ये १८ शाळांतले सातवी ते दहावीचे २,७४० मुलगे घेऊन कोणाला प्रवेश मिळणार हे सोडत काढून ठरवण्यात आले. २०१३ ते २०१५ या काळात दुसरी चाचणी झाली. दोन्हींचे निष्कर्ष २०१७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आले : उपक्रम चालू असताना सहभागी मुलांच्या एकूण अटका २८ ते ३५ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांखालील अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. पहिल्या चाचणीत पुढे शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही १२ ते १९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. विशेष म्हणजे पहिल्या चाचणीत नाव निघालेल्यांपैकी निम्मीच मुले प्रत्यक्ष गटात आली, आणि २७ पैकी सरासरी १३ सत्रांनाच बसली. इतक्या थोड्या तासांत एवढा फरक पडावा, याचे अर्थशास्त्रज्ञांनाही नवल वाटले. मात्र अटकांमधली घट वर्ष संपल्यावर टिकून राहिली नाही, हे कौतुकाच्या भरात अनेकदा सांगायचे राहून जाते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा शिकागोतल्या हाइड पार्क अकॅडमी या शाळेतल्या गटात येऊन बसले. आपण वडिलांविना वाढलो, त्याचा राग होता, नशाही केली, असे त्यांनी सांगितले तेव्हा शेजारच्या मुलाने विचारले, ‘हे तुम्ही स्वतःबद्दल बोलताय?’ वर्षभराने, २७ फेब्रुवारी २०१४ रोजी, ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये ‘माय ब्रदर्स कीपर’ हा कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य मुलग्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम जाहीर करताना ही आठवण सांगितली. त्यानंतर बॅमचे नाव देशभर झाले. पुढे बोस्टन, लॉस एंजेलिस, सिएटल या शहरांत आणि लंडनच्या लॅम्बेथ भागातही असे गट सुरू झाले.

आक्षेप दोन बाजूंनी आले. मुलींचे काय, हा पहिला. जून २०१४ मध्ये कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ले क्रेनशॉ यांच्यासह हजारांहून अधिक स्त्रियांनी पत्र लिहून कृष्णवर्णीय मुलींनाही ‘माय ब्रदर्स कीपर’मध्ये सामावून घ्या, अशी मागणी केली. यूथ गायडन्सचा मुलींसाठीचा ‘वर्किंग ऑन वुमनहूड’ हा उपक्रम त्याआधीच सुरू झाला होता, पण त्याच्या वाट्याला अशी प्रसिद्धी आली नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो : मुलांना राग आवरायला शिकवायचे आणि राग आणणारी परिस्थिती तशीच ठेवायची. ओबामा गटात बसले त्याच वर्षी शिकागोने सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या, आणि त्यांची झळ मुख्यतः याच कृष्णवर्णीय वस्त्यांना बसली.

चाचण्यांच्या काळात खर्च दर मुलामागे साधारण एक ते दोन हजार डॉलर आला आणि त्यातला मोठा वाटा समुपदेशकांच्या पगाराचा असतो. विस्तारातली खरी अडचण माणसांची आहे. मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेला, वस्तीची भाषा जाणणारा आणि स्वतःचे दुखणे मुलांसमोर बोलून दाखवू शकणारा पुरुष दर शाळेसाठी शोधावा लागतो.