डेथ व्हॅलीसाठी तंबू घेण्याआधी एवढं वाचा

आम्ही तंबू आणि कॅम्पिंगचं सामान भाड्याने देतो. मे महिना लागला की आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी नॅशनल पार्कसाठी एकच फोन पुन्हा पुन्हा येतो. "चार जुलैच्या लाँग वीकेंडला डेथ व्हॅलीला जायचंय, चौघांचा तंबू मिळेल का?" तंबू असतो, पण दरीच्या तळाशी लावायचा असेल तर त्या दिवसांत आम्ही तो देत नाही. नाही म्हटलं की लोकांना वाटतं सामान संपलंय, म्हणून हे पत्रक.

तळ उन्हाळ्यात बंद

दरीच्या तळाकडची सनसेट, टेक्सस स्प्रिंग्स आणि स्टोव्हपाइप वेल्स ही तीन कॅम्पग्राउंड (तंबू लावायच्या जागा) वसंत संपत आला की बंद होतात, ती थेट फॉलमध्ये, म्हणजे शरद ऋतूत उघडतात. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात. त्यामुळे मागच्या वर्षीच्या फोटोंवर विसंबू नका, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावर चालू स्थिती बघा.

फर्नेस क्रीक मात्र बाराही महिने उघडं असतं, आणि गोंधळ होतो तो इथेच. 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल तिथे आगाऊ बुकिंग लागतं आणि चांगल्या जागा पटापट जातात. उन्हाळ्यात बुकिंगच नसतं, जो आधी येईल त्याला जागा. 'बुकिंग लागत नाही' हे वाचून लोक खूश होतात. अहो, जागा रिकाम्या आहेत त्याला कारण आहे.

रात्र थंड होत नाही

"आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाचं काय कौतुक," असं सांगणारेही भेटतात. दिवसाचं एक वेळ सोडून द्या, इथे खरा त्रास रात्रीचा आहे. फर्नेस क्रीक समुद्रसपाटीपेक्षा 190 फूट खाली आहे, दरीतली सर्वात खोल जागा बॅडवॉटर 282 फूट खाली. दोन्ही बाजूंना उंच डोंगर. तापलेली हवा वर चढते, थोडी निवते आणि डोंगरांच्या भिंतींमुळे पुन्हा खाली येते. खाली येताना दाबली जाते आणि आणखी तापते. जुलैत कमाल तापमानाची सरासरीच 116-117 फॅरनहाइट, म्हणजे 47 सेल्सिअस, आणि पहाटेसुद्धा पारा बऱ्याचदा 90 च्या (32 सेल्सिअसच्या) खाली उतरत नाही. 10 जुलै 1913 चा 134 फॅरनहाइटचा (56.7 सेल्सिअस) जागतिक उच्चांकही याच फर्नेस क्रीकचा.

हे झालं हवेचं. तुम्ही झोपणार जमिनीवर. 15 जुलै 1972 ला इथे जमिनीचं तापमान 201 फॅरनहाइट, म्हणजे 94 सेल्सिअस मोजलं गेलं होतं. एका गिऱ्हाइकाने मेअखेरीस दुपारी गादीत हवा भरून तंबूत ठेवली आणि तासाभरासाठी बाहेर गेले. परत आले तेव्हा गादीचे सगळे जोड सुटले होते आणि तंबूच्या झिपला बोट लावता येत नव्हतं. गादीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. चूक आमचीही होती, आम्ही नीट सांगितलं नव्हतं.

दुसरं कारण मदतीचं. हवा फार तापली की विरळ होते आणि हेलिकॉप्टरला उचल मिळत नाही. साधारण 120 फॅरनहाइटच्या वर वैद्यकीय हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. जुलै 2024 मध्ये 128 फॅरनहाइटला एक मोटरसायकलस्वार दगावला, तेव्हा हेच झालं. शिवाय पार्कमध्ये मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नाही.

मग उन्हाळ्यात जायचंच असेल तर?

वर जा. दर हजार फुटांमागे साधारण 3 ते 5 अंश फॅरनहाइट कमी होतात. वाइल्डरोज कॅम्पग्राउंड 4,100 फुटांवर आहे आणि वर्षभर उघडं असतं. आमची पहिली शिफारस तीच. त्याच्या वर थॉर्नडाइक (7,400 फूट) आणि महॉगनी फ्लॅट (8,200 फूट). इथे हिशोब उलटा: ही दोन बर्फामुळे हिवाळ्यात बंद, साधारण मार्च ते नोव्हेंबर उघडी. महॉगनी फ्लॅटवरून टेलिस्कोप पीक या शिखराची वाट सुरू होते आणि जुलैतही रात्री स्लीपिंग बॅग हवीशी वाटते. पण कोळशाच्या जुन्या भट्ट्यांच्या पुढचा रस्ता खडबडीत आहे. तिथे उंच चाकांची, शक्यतो फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच लागते, सेडान नेऊ नका. कॅम्पर व्हॅनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: वाइल्डरोजकडे जाणाऱ्या एमिग्रंट कॅन्यन रस्त्यावर 25 फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे.

मेस्किट स्प्रिंग (1,800 फूट) आणि एमिग्रंट (2,100 फूट, फक्त तंबू) हीसुद्धा सहसा वर्षभर उघडी असतात. पण जुलैसाठी ही उंची पुरत नाही, असं आमचं मत.

तळाशी फक्त गाडीतून चक्कर मारणार असाल तर सकाळी 10 नंतर खाली पायी फिरू नका, हा पार्कचाच सल्ला. माणशी दिवसाला निदान एक गॅलन पाणी ठेवा. घाम आल्याआल्या उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही.

कॅलेंडरमध्ये नसलेली बंदी

20 ऑगस्ट 2023 ला हिलरी वादळाने एका दिवसात 2.2 इंच पाऊस पाडला. इथे वर्षभरात साधारण एवढाच पडतो. रस्ते वाहून गेले आणि पार्क 15 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. असं पुन्हा झालं, म्हणजे पार्कने कॅम्पग्राउंड किंवा तिथवरचा रस्ता बंद केला, तर आम्ही पूर्ण भाडं परत करतो. तसा फोन आदल्या दिवशी रात्री केलात तरी चालेल. "ऊन फार आहे, बेत बदलला" यासाठीही पैसे परत मिळतील, त्यात लाजू नका.

नोव्हेंबर ते मार्च तळासाठी हवा तो तंबू न्या. डिसेंबर-जानेवारीत तिथेही रात्री 40 फॅरनहाइटच्या (4 सेल्सिअस) आसपास जातं, तेव्हा पातळ चादरीवर भागणार नाही. सनसेट म्हणजे खडी टाकलेलं मोकळं मैदान, आडोशाच्या नावाने शून्य. शांतता हवी असेल तर टेक्सस स्प्रिंग्स बघा, तिथे जनरेटरला मनाई आहे. वाऱ्यासाठी जादा खुंट्या आम्ही पिशवीत फुकट टाकतो, त्या सगळ्या ठोका. आणि तंबू परत देताना झिपमधली वाळू तेवढी झटकून द्या.