तीन डेसिबल म्हणजे नेमके किती? महामार्गाचे रुंदीकरण आणि शेजाऱ्यांची काळजी

महामार्ग रुंद होणार असे कळले की रस्त्याकडेला राहणाऱ्यांचा पहिला प्रश्न आवाजाचा असतो, आणि त्याला मिळणारे उत्तर पुष्कळदा एका आकड्यात संपते: ध्वनिपातळी साधारण ३ डेसिबलने वाढेल. ६० चे ६३ होणार, त्यात एवढे घाबरण्यासारखे काय, असे आराखडा करणाऱ्यांना वाटते. रहिवाशांचा मात्र त्या आकड्यावर विश्वास बसत नाही. यात कोणी खोटे बोलत असतेच असे नाही. आकडा बरोबर असूनही काळजी रास्त असू शकते, कारण तो आकडा जे मोजतो ते वेगळे आणि माणसाला मध्यरात्री जागे करते ते वेगळे.

डेसिबल हे माप गुणाकाराच्या हिशेबाने चालते. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबलने चढते आणि दहापट झाली की १० डेसिबलने. कानाला मात्र आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. म्हणून वेग आणि वाहनांचे प्रकार तेच राहून वाहने दुप्पट झाली, तर वाढ खरोखरच ३ डेसिबलची होते आणि ती कानाला जेमतेम जाणवते.

पण रुंद रस्त्यावर वेग तोच राहत नाही. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे मोटारीच्या आवाजात इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा वाटा मोठा असतो, आणि हा आवाज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. (विजेवरच्या मोटारी आल्या की महामार्ग शांत होतील ही आशा त्यामुळेच फारशी खरी नाही.) सरासरी वेग ६० वरून ८० वर गेला, तर तेवढ्यानेच ३ ते ४ डेसिबलची भर पडते. वाहनसंख्येचे ३ त्यात मिळवले की बेरीज ६-७ वर जाते. शिवाय वाहने किती वाढतील हा अंदाजच मुळात निसरडा आहे. रस्ता मोकळा झाला की पूर्वी टाळलेले प्रवास होऊ लागतात आणि दुसऱ्या वाटेने जाणारी वाहनेही इकडे वळतात. अमेरिकेतील शहरांचा अभ्यास करून ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले, की तेथे महामार्गांच्या सर्व मार्गिकांची (लेनची) मिळून लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांच्यावरील वाहतूकही वाढली.

मात्र खरी गोम ‘सरासरी’ या शब्दात आहे. समजा, रात्रीच्या एका तासात केवळ एकच अवजड ट्रक गेला, दहा सेकंदांपुरता खिडकीशी ८० डेसिबलचा आवाज झाला आणि उरलेला सगळा वेळ ४० डेसिबलची शांतता होती. या तासाची ऊर्जेवर आधारलेली सरासरी सुमारे ५४ डेसिबल निघते. गणित चोख आहे, पण ५४ डेसिबलचा आवाज त्या घरात त्या तासात क्वचितच कोणी ऐकला असेल. झोपलेल्याच्या वाट्याला आले ते ८०. झोपमोड ही शांततेतून अचानक उठणाऱ्या आवाजाने होते, आणि माणूस पुरता जागा झाला नाही तरी त्याच्या हृदयाची गती त्या क्षणी बदलू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरील वाहतुकीसाठी दोन मर्यादा सुचवल्या: दिवस, संध्याकाळ आणि रात्र यांच्या भारित सरासरीसाठी (जिच्यात संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आवाजाला जादा वजन दिले जाते) ५३ डेसिबल आणि निव्वळ रात्रीसाठी ४५. तरीही या दोन्ही सरासरीच आहेत. एकेका वाहनाची कमाल पातळी किती आणि असे क्षण रात्रीतून किती वेळा येणार, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते.

अंतराच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. अखंड वाहणारी वाहतूक ही एखाद्या लांब रेषेसारखी असते आणि तिच्यापासूनचे अंतर निम्मे झाले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. रुंदीकरणात सगळ्या वाहतुकीचा मध्य सहसा थोडाच सरकतो, त्यामुळे सरासरीत हा फरक किरकोळ दिसतो. पण एकटा ट्रक हा बिंदू आहे. घराजवळची मार्गिका ३० मीटरवरून १५ मीटरवर आली, तर त्या मार्गिकेतून जाणाऱ्या ट्रकची कमाल पातळी ६ डेसिबलने चढते.

उपायांमध्ये झाडांवर लोकांचा फार भरवसा असतो. दुर्दैवाने झाडांची एखादी ओळ वाहने डोळ्यांआड करते, आवाज अडवत नाही. ५ डेसिबलची घट मिळवायला सुमारे ३० मीटर खोल दाट झाडी लागते. भिंतीचा उपयोग अधिक, पण तिच्याही अटी आहेत. ती वाहन आणि खिडकी यांच्यामधली सरळ रेषा तोडेल इतकी उंच असेल, तर साधारण ५ डेसिबल कमी होतात आणि त्यापुढच्या प्रत्येक मीटरमागे अंदाजे दीड डेसिबल. रेषा तुटली नाही, तर फायदा जवळजवळ शून्य, आणि म्हणूनच वरच्या मजल्यांना भिंतीचा आधार मिळत नाही. ट्रकच्या घरघरीतली १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, ती भिंतीच्या माथ्यावरून सहज वळून पलीकडे उतरते. भिंतीतली फट किंवा फाटकासाठी सोडलेली मोकळी जागा उरलासुरला लाभही घालवते, तर गुळगुळीत कठीण भिंत समोरच्या बाजूच्या घरांकडे आवाज परतवते. त्यापेक्षा मुळावरचे उपाय, म्हणजे सच्छिद्र डांबरी थर आणि रात्रीची कडक वेगमर्यादा, कमी दिखाऊ पण सर्व मजल्यांना सारखेच उपयोगी असतात.

कामाच्या काळातील हादऱ्यांविषयी मात्र थोडा दिलासा देता येईल. जमिनीची कंपने सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाची असली तरी घरातल्या माणसाला जाणवतात. घराच्या गिलाव्याला तडे जाण्याचा धोका ब्रिटिश मानकानुसार साधारण १५ मिलिमीटरपासून पुढे धरला जातो. जाणवणारा प्रत्येक हादरा घर खिळखिळे करत नाही. तरीही काम सुरू होण्यापूर्वी जुन्या तड्यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

सुरक्षेच्या प्रश्नात वेग पुन्हा भेटतो. दुभाजकामुळे समोरासमोरच्या धडका कमी होतात, हे रुंदीकरणाच्या बाजूने मान्य करायलाच हवे. पण स्वीडनच्या योरान निल्सन यांनी मांडलेल्या सूत्रानुसार सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघात साधारण ४ टक्क्यांनी वाढतात. चालकाला भान यायला दीड सेकंद लागतो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ३५ मीटरमध्ये थांबते, ८० ची जवळपास ६९ मीटरमध्ये.

पायी जाणाऱ्यासाठी रुंदीचा अर्थ आणखी सरळ आहे. साडेतीन मीटरची एक मार्गिका धरली, तर चौपदरी रस्ता १४ मीटरचा आणि सहापदरी २१ मीटरचा. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला पहिला ओलांडायला १२ सेकंद लागतात, दुसरा ओलांडायला साडेसतरा, आणि तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन जवळजवळ ३९० मीटर अंतर कापते. म्हणजे रस्त्यावर पाऊल टाकताना पाव किलोमीटरहून कितीतरी लांबच्या वाहनाचा वेग अचूक जोखावा लागतो, जे अंधारात धडधाकट माणसालाही जमत नाही. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला तर २६ सेकंद लागतात. दुभाजकावर थांबायला सुरक्षित जागा असेल तरच हा हिशेब दोन तुकड्यांत विभागतो.

भुयारी मार्ग दिला आहे, एवढ्यावर याचे उत्तर संपत नाही. तो कुठे दिला आहे हे पाहावे लागते. नेहमीच्या वाटेपासून तो ३०० मीटर दूर असेल, तर जाऊन येऊन ६०० मीटरचा, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळाचा वळसा पडतो. एका बाजूला आठ मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला साडेसतरा सेकंद असा पर्याय असेल, तर दुभाजकाच्या जाळीला भगदाड कुठे पडणार हे नकाशावर आधीच दाखवता येते.