मल्टिप्लेक्सिंग

एकाच तारेतून, फायबरमधून किंवा रेडिओलहरींच्या पट्ट्यातून अनेक स्वतंत्र संकेत एकमेकांत न मिसळता पाठवण्याच्या तंत्राला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात.

सर्वांत जुन्या परिचयाचा प्रकार वारंवारितेच्या विभागणीचा. नाशिकच्या हवेत आकाशवाणी आणि खासगी एफएम केंद्रे एकाच वेळी बोलत असतात, पण प्रत्येकाची वारंवारिता वेगळी असल्याने रेडिओला हवे ते निवडता येते.

कालविभागणी समजायला नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातली फड पद्धत उपयोगी पडते. तिथे बंधाऱ्यावरून निघालेल्या एकाच पाटाचे पाणी पाटकरी ठरलेल्या पाळीने शेताशेताला देतो. भारतात टेलिफोनसाठी रुळलेल्या ई-१ जोडणीत हीच पाळी १२५ मायक्रोसेकंदांत पुरी होते: तेवढ्या वेळाचे ३२ कप्पे, प्रत्येकात ८ बिट, आणि सेकंदाला अशा ८,००० फेऱ्या, म्हणजे २.०४८ मेगाबिट. त्यांतले ३० कप्पे संभाषणांचे असतात. कोणत्याही कप्प्यावर नाव लिहिलेले नसते. तो कुणाचा हे केवळ क्रमावरून कळते. म्हणून फेरी कुठून सुरू झाली ते सांगायला शून्यावा कप्पा राखून ठेवावा लागतो. ती खूण हुकली की मोजणीच चुकते आणि सगळीच संभाषणे बिघडतात.

या पद्धतीचा दोष उघड आहे. बोलणारा गप्प असला तरी त्याची पाळी रिकामी वाहून जाते. सांख्यिकी मल्टिप्लेक्सिंगमध्ये ज्याच्याकडे पाठवण्याजोगे काही आहे त्यालाच जागा मिळते. मात्र मग माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता लिहावा लागतो, आणि इथे फडाची उपमा संपते. इंटरनेट असेच चालते. रात्री सगळी सोसायटी एकदम व्हिडिओ पाहू लागली की वेग मंदावतो तो यामुळेच.

घरोघरी पोहोचलेल्या जीपॉन फायबरमध्ये, म्हणजे अनेक घरांत एकच तंतू वाटून घेणाऱ्या जोडणीत, हे प्रकार एकत्र नांदतात. एकाच काचतंतूतून घराकडे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि कंपनीच्या केंद्राकडे १३१० नॅनोमीटरचा प्रकाश जातो; तरंगलांबी वेगळी म्हणजे वारंवारिताही वेगळी. वाटेतला स्प्लिटर तो तंतू बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटतो, त्यामुळे घराकडे येणारी माहिती सर्वांनाच मिळते आणि प्रत्येक मॉडेम आपली तेवढी उचलतो. उलट दिशेला मात्र केंद्र पाळी देते. समजा केंद्र नाशिकच्या कॉलेज रोडला आहे, एक घर शेजारी आणि दुसरे फायबरने १० किलोमीटरवर आडगावला. पाळीची सूचना आडगावला पोहोचायला सुमारे ५० मायक्रोसेकंद आणि तिथला प्रकाश परत यायला तेवढेच, म्हणजे एकूण सुमारे १०० मायक्रोसेकंद उशीर होणार. म्हणून केंद्र आधी प्रत्येक मॉडेमचे अंतर मोजते आणि जवळच्याला तेवढे थांबून पाठवायला लावते.