बारावीचं गणित हवाई दलाच्या दारात कसं आलं

अकरावीचा अर्ज भरताना गणित सोडून जीवशास्त्र घेणारी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची असते. पाच वर्षांनी बीएस्सी चांगल्या गुणांनी झाल्यावर ती वैमानिक होण्यासाठी हवाई दलाची जाहिरात उघडते आणि पात्रतेपाशीच अडते. पदवी कोणत्याही शाखेची चालते, 60 टक्के हवेत, तेही आहेत. पण बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, प्रत्येकी 50 टक्के? ‘पदवी झाल्यावर आता बारावीचं काय काढलंय?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की त्याची पाळंमुळं सांगितलेलीच बरी.

8 ऑक्टोबर 1932 ला भारतीय हवाई दल स्थापन झालं, तेव्हा शिक्षणाची चाळणी आपल्या हातात नव्हती. पहिले भारतीय कॅडेट 1930 मध्येच इंग्लंडला ब्रिटिश हवाई दलाच्या क्रॅनवेलच्या कॉलेजात गेले होते. पुढे हवाई दलप्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्यांच्यातलेच. कराचीला पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची गरज एकदम वाढली आणि 1943 च्या सुमारास मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं आणि मुलाखत अशी कित्येक दिवस चालणारी निवडपद्धत आली. आजच्या एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचं, मूळ तिथे आहे.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये देहरादूनला तिन्ही दलांचं एकत्र प्रशिक्षण सुरू झालं, आणि 1955 मध्ये ते खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत आलं. सुरुवातीला मॅट्रिक झालेला मुलगाही एनडीएच्या प्रवेश परीक्षेला बसू शकत असे. देशात 10+2+3 ची रचना रुळल्यावर ही पायरी बारावीपर्यंत सरकली. भूदलासाठी आजही बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, आणि अलीकडे त्यात रसायनशास्त्रही आलं आहे.

हा फरक का? 1948 अखेरीस व्हॅम्पायर जेट आली आणि आकाशात चुकायला मिळणारा वेळच कमी झाला. एक साधं गणित पाहा. विमान ताशी 300 किलोमीटर वेगाने थेट उत्तरेला नाक करून निघालंय आणि पश्चिमेकडून ताशी 50 किलोमीटरचा वारा आहे. वैमानिकाने काहीच केलं नाही, तर तासाभरात तो 50 किलोमीटर पूर्वेला भरकटलेला असेल. म्हणून नाक डावीकडे सुमारे साडेनऊ अंश वळवून ठेवावं लागतं. हा कोन साइनवरून निघतो, आणि वेगांची बेरीज अकरावीच्या सदिशांची आहे. आज यंत्र हे क्षणात करतं, पण यंत्र चुकलं हे ओळखायला उत्तर साधारण किती यायला हवं ते डोक्यात लागतं. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत हवामान, दिशादर्शन, वायुगतिकी शिकवतात ती हा पाया आहे असं धरूनच. इतिहासाचा पदवीधरही उत्तम वैमानिक होऊ शकतो, म्हणून पदवीला शाखेचं बंधन नाही. पाया मात्र बारावीतच तपासला जातो. मला ही अट न्याय्य वाटते. मुलांना ती वेळेवर कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

जमिनीवरच्या शाखांच्या अटी त्या-त्या कामाप्रमाणे वेगळ्या आहेत. तांत्रिक शाखेला इंजिनिअरिंग हवं आणि तिथेही बारावीचं भौतिकशास्त्र-गणित सुटत नाही. लेखा शाखेला वाणिज्य किंवा वित्त विषयाची पदवी लागते. प्रशासन आणि लॉजिस्टिक्सला कोणतीही पदवी 60 टक्क्यांसह चालते, म्हणजे वरच्या मुलीला हे दार उघडं आहे. उड्डाणासाठी वयाची मर्यादा साधारण 24, तर या शाखांसाठी 26 आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बदलली आहे. 1990 च्या दशकात त्या अधिकारी म्हणून येऊ लागल्या आणि 1994 मध्ये पहिल्या महिला वैमानिक झाल्या, पण सगळ्यांची वाट पदवीनंतरची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर 2022 मध्ये पहिल्या 19 मुली एनडीएत दाखल झाल्या. त्यामुळे गणित ठेवायचं की सोडायचं, हा निर्णय आता मुलींसाठीही दहावीचा निकाल लागला की लगेच समोर येतो.